आधी जेवण, मग सामना

मुरली गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरात जमिनीवर मोठा चार्टपेपर पसरून पट्टीने रेघा ओढत होतो. जिल्ह्यातल्या सोळा कॉलेजांच्या कबड्डी अजिंक्यपद स्पर्धेची पहिली फेरी आदल्याच दिवशी संपली होती. आठ संघ बाद झाले होते आणि उरलेल्या आठांच्या पुढच्या जोड्या लावून ड्रॉ काढायचा होता. फोनवर त्याचा पुतण्या होता. "सर, काका गेले. सकाळी वावरातून आले, पाणी मांगतलं, अन् बसल्या जागी..." मी निघतो म्हणालो, फोन ठेवला, आणि पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मला राग आला. या माणसाने इतक्या वर्षांत माझं एकही वेळापत्रक धड चालू दिलं नव्हतं, आणि आता गेला तोही नेमका ड्रॉच्या दिवशी. मलकापूरहून सुलतानपूर म्हणजे बुलढाण्याचा घाट चढून, मेहकर ओलांडून तीन तासांचा रस्ता. तीनही तास मी गाडीत त्याच्याशी भांडत होतो.

मुरली माझा कॉलेजातला मित्र. बुलढाण्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो आणि एकाच संघातून कबड्डी खेळलो. मी चढाई करायचो, तो डाव्या कोपऱ्यात उभा राहून समोरच्याचा घोटा पकडायचा. शिक्षण झाल्यावर मी मलकापूरच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक झालो आणि तो सुलतानपूरला आपल्या शेतात वांगी, मेथी, कोबी पिकवायला लागला. लोकांसमोर मला 'सर' म्हणायचा, एकटा सापडलो की 'दिग्या'. स्वभावाने आम्ही दोन टोकं. मला प्रत्येक गोष्टीचा निकाल लागायला हवा असतो. वसतिगृहात पत्ते खेळतानासुद्धा डाव अर्धा सोडून उठलेला मला चालायचा नाही. मुरलीला निकालाशी काही देणंघेणंच नव्हतं. डाव ऐन रंगात आला की हा पत्ते खाली टाकून "चाल बे, चहा घेऊन येऊ" म्हणायचा. मी चरफडत त्याच्या मागे जायचो.

तर अशा या माणसाच्या हाती आमच्या जिल्ह्याच्या कबड्डीचा शेवटचा महिना होता. कॉलेजांचा हंगाम संपला की सात गावांच्या जत्रांमध्ये सात मानाचे सामने व्हायचे. एका गावात एकच सामना, दोन पाहुणे संघ, बस्स. रोहिणखेडला जुन्या मशिदीपलीकडच्या मोकळ्या जागेत, सुलतानपूरला शाळेमागच्या मैदानात, असे. गावं संघांना बोलवायची, जेवू घालायची, जिंकलेल्यांना भगवा फेटा बांधायची आणि हरलेल्यांना गुलाबी. म्हणजे हरलेलासुद्धा फेटा बांधूनच घरी जायचा. कोणत्या गावाला कोणते दोन संघ पाठवायचे हे मुरली ठरवायचा. ते त्याला कोणी सोपवलं होतं देव जाणे. त्याच्या ओळखी होत्या, भाजीच्या गाडीवर सगळीकडे फिरणं होतं, आणि नाही म्हणायची सवय नव्हती, म्हणून ते त्याच्याकडे आलं आणि राहिलं.

बरं, जोड्या लावताना कोण किती तगडा हे पाहावं की नाही? हा पाहायचाच नाही. एकदा मी विचारलं, "चिखली अन् मेहकर दोघंही हंगामात एकसुद्धा सामना हरले नाहीत. त्यायले एकमेकांसमोर काऊन नाही उभं करत तू?" तर म्हणतो, "मेहकरच्या पोरायले रोहिणखेडचं भरीत लय आवडलं मागच्या साली. ते तिथंच जातीन." मी म्हटलं, "मंग जिल्ह्यात नंबर एक कोन ते कसं समजन?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतोय. "नाही समजलं तं नाही समजलं. लोकायले बोलाले काही पाह्यजे का नाही वर्षभर?" मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि सुलतानपूरचा तो जेवणाचा प्रकार! इतर गावं सामना झाल्यावर पंगत मांडायची. सुलतानपूरला जेवण आधी. तेही पंगतीत नाही. दोन संघांची चोवीस पोरं चोवीस घरांत वाटून द्यायची, एका घरी एक, आणि त्या घराने आपल्या पोराला रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी पोटभर वाढायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला, फोडून तुपात बुडवलेला. दोन खाल्ले की माणसाने आडवं व्हावं असा पदार्थ. तो चार-चार खाऊन पोरं कबड्डीला उभी राहायची. क्रीडाशिक्षक म्हणून माझा जीव तीळतीळ तुटायचा. मुरलीशी मी यावर किती वेळा भांडलो असेन! त्याचं एकच म्हणणं, "सामन्यानंतर हरलेला संघ जेवते का बे? घास उतरते का त्याच्या गळ्याखाली? जे पोट्टं रुसून बिनजेवता गेलं ते या गावात परत येईन का?" मी म्हणायचो, खेळ कसा होईल? तो म्हणायचा, "दोन्ही संघ जेवेल हायेत ना? मंग बरोबरीच झाली की."

एका वर्षी व्हायचं ते झालंच. सामना चिखली आणि मेहकरचा. माझ्या सततच्या कटकटीला कंटाळून मुरलीने ते दोन संघ एकदाचे समोरासमोर आणले होते आणि पंच मी होतो. शेवटची चढाई, चिखली एका गुणाने मागे. चिखलीचा उंच चढाईपटू आत शिरला, दोघांना शिवला, वळला, आणि मध्यरेषा दोन हातांवर असताना त्याला उचकी लागली. 'कबड्डी कबड्डी'चा दम तुटला. नियम स्पष्ट आहे, मी शिट्टी वाजवून त्याला बाद दिलं. त्याच क्षणी ज्या घरी तो जेवला होता त्या घरच्या कौसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन थेट मैदानात. "माह्या पोराले उचकी लागली तं त्यात त्याचा काय गुन्हा? पंच हाये का कसाई हाये हा? आधी पाणी पिऊ द्या त्याले!" त्यांनी मला बाजूला सारलं आणि मैदानाच्या मध्यभागी त्याला पाणी पाजलं. मुरली धावत आला. मला वाटलं माझ्या बाजूने बोलेल. तर हा मला म्हणतो, "दिग्या, उचकी म्हणजे श्वास थोडीच घेतला त्यानं? उचकी आपोआप येते बे." मी निर्णय बदलला नाही. मेहकर जिंकलं. मग पुढे कित्येक वर्षं मेहकर, चिखली, खामगाव, कुठल्याही टपरीवर जा, लोक उचकीवर वाद घालत होते, आणि मुरली खुश. "पाह्य, अजून बोलून राह्यले लोकं," असं मला फोन करून सांगायचा!

मी मात्र त्याच दिवशी ठरवलं होतं की हा पोरखेळ बंद करायचा. कोण श्रेष्ठ हे रोडग्यांवर ठरता कामा नये. कॉलेजांच्या क्रीडा समितीत मी प्रस्ताव मांडला. हंगामातले पहिले चार संघ मलकापूरला बोलवायचे, दोन उपांत्य सामने, एक अंतिम, एक विजेता, एक करंडक. सगळ्यांना पटलं. पहिल्याच वर्षी मैदानाभोवती उभं राहायला जागा उरली नाही. मुरलीही आला होता, टाळ्या वाजवत होता. जाताना म्हणाला, "चांगलं केलं. चारच ठेवजो फक्त." मी हो म्हटलं होतं... हे मी कबूल करतो. पण पाचव्या क्रमांकावर राहिलेल्या कॉलेजचे प्राचार्य रुसले. मग आम्ही आठ संघ केले. मग नवव्या क्रमांकाचे रुसले. या वर्षी सोळा केले. सोळा संघ म्हटल्यावर फेऱ्या वाढल्या, दिवस वाढले, आणि त्या दिवसांच्या खाली सातही गावांच्या जत्रा गाडल्या गेल्या.

अर्थात गाडायला फारसं काही उरलं नव्हतं. आठ संघ झाले तेव्हापासूनच प्रशिक्षक आपले चांगले गडी जत्रांच्या सामन्यांना पाठवेनासे झाले होते. घोटा मुरगळला, खांदा दुखावला तर अजिंक्यपदाचं काय? मीसुद्धा नाही पाठवले. रोहिणखेडला एका वर्षी आमच्या कॉलेजचे नऊच जण गेले, त्यातले दोघे व्हॉलीबॉलचे. तिथल्या बायका विचारत होत्या म्हणे, मागच्या साली आमच्याकडे आलेला तो कुरळ्या केसांचा पोरगा काऊन नाही आला? तो घरी पाय जपत बसला होता, माझ्याच सांगण्यावरून. पुढच्या वर्षी रोहिणखेडने सामना ठेवलाच नाही. त्या दिवशी आता तिथे डीजे लावतात. एकेक करत सहा गावं थांबली. राहिलं सुलतानपूर, कारण तिथे मुरली होता.

आमची शेवटची भेट त्यावरूनच झाली. हा दोन एसट्या बदलून, पिशवीभर वांगी घेऊन, न सांगता माझ्या घरी. मी याच चार्टपेपरवर सोळा नावं लिहीत होतो. तो शेजारी मांडी घालून बसला, रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आमच्या जत्रेच्या दिवशी काय हाये यात?" मी म्हटलं, "उपांत्यपूर्व फेरी." "एक दिवस सरकव." मी म्हटलं जमणार नाही, मैदान मिळत नाही, पंच मिळत नाहीत, परीक्षा तोंडावर आल्या आहेत. सगळं खरं होतं. तो म्हणाला, "बरं, नको सरकवू. पह्यल्या फेरीत हारतीन त्या आठ संघांचं काय?" "काय म्हंजे? हारले ते घरी गेले." "कोणाच्या घरी?" "आपापल्या घरी, मुरली!" तो म्हणाला, "त्यातले दोन माह्या घरी येऊ दे. वर्षभर मेहनत करतेत पोट्टे, एक सामना हारले की संपलं. शेवटचा सामना जितलेला संघ जिल्ह्यात एकच राह्यते आता, पंधरा रडत जातेत. आधी निदान सात तं हासत जायचे." मी वैतागलो होतो, कंबर दुखत होती, आणि माझ्या तोंडून गेलं, "हारलेल्यांचा सामना पाह्याले कोन येईन? काही अक्कल हाये का तुले?" त्याने चहा घेतला, आणखी अर्धा कप मागून घेतला. माझ्या बायकोला वांग्याची भाजी कशी करायची ते सांगितलं. दारात चपला घालताना म्हणाला, "बरं, तू तुह्यं कर." बस. त्यानंतर एकवीस दिवसांनी फोन आला.

अंत्ययात्रा शाळेच्या मागून गेली. मान खाली घालून चालत होतो, सहज बाजूला पाहिलं तर मैदान तयार. माती भुसभुशीत करून, पाणी मारून, रोलर फिरवून एकसारखी केलेली. मला वाटलं शाळेचं काही असेल. तेराव्या दिवशी, तेरवीला, मुरलीच्या बायकोने, शोभावहिनींनी, मला आतल्या खोलीत बोलावलं. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. "भाऊजी, जत्रा आठ दिवसांवर आली. संघ कोणते येऊन राह्यले?" मला काही समजेना. "कोणते संघ, वहिनी?" तेव्हा कळलं. माझ्याकडून नकार घेऊन हा माणूस घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी गावाला सांगून मोकळा झाला की सामना ठरला! घरं वाटून दिली, मैदान करून घेतलं, गहूसुद्धा दळून आणला. वहिनी म्हणाल्या, "मी इचारलं होतं, की भाऊजींनी हाव म्हटलं का? तं म्हने, म्हनीन तो. आता चोवीस घरं मले इचारून राह्यले. गावाले काय सांगू मी? की माह्या माणसानं थाप मारली?"

इतका संताप मला आयुष्यात कधी आला नसेल. मेलेल्या माणसाची कॉलर धरता येत नाही. हा स्वतः वर निघून गेला, आणि त्याच्या शब्दाची लाज राखायची कोणी, तर मी, ज्याने तोंडावर नाही म्हटलं होतं. मी तिथेच बसून राहिलो. समोर त्याचा हार घातलेला फोटो, तोही दात काढून हसतानाचा. दुसरा मिळाला नाही म्हणे. वहिनींना म्हटलं, "गावाले काही सांगू नका. येतीन संघ." म्हणालो खरा, पण कोणते येतील याचा पत्ता नव्हता.

हरलेल्या संघांच्या प्रशिक्षकांना मी एकेक करून फोन केले. पहिल्याने विचारलं, सर, या सामन्याचे गुण धरणार का? नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला. दुसऱ्याने मुलांना सुट्टी दिली होती. तिसऱ्याने तर मला व्याख्यान दिलं की आता सराव पुढच्या हंगामाचा, मधे असले भावनिक सामने नकोत. मी ऐकून घेतलं, कारण हे सगळं त्यांना मीच शिकवलं होतं. सातव्या फोनला चिखलीच्या प्रशिक्षकाने नाही म्हटलं, आणि संध्याकाळी त्याच्या संघाचा कर्णधार परस्पर माझ्याशी बोलला. "सर, सुलतानपूरले सामना होऊन राह्यला का? मी पह्यल्या वर्षी जेवलो होतो तिथं. आमी येतो, गाडी आमीच करतो." दुसरा संघ मिळाला तो माझाच. हो, आमचं कॉलेजही पहिल्याच फेरीत हरलं होतं. मुलं दोन आठवडे माझ्यासमोर यायचं टाळत होती. मी त्यांना सुलतानपूरला जायचं सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "सर, शिक्षा हाये का ही?" ते ऐकून मला पहिल्यांदा जरा वाईट वाटलं. इतकी वर्षं मी पोरांना जिंकायला शिकवत होतो, आणि हरल्यावर कुठे जायचं ते काही शिकवलंच नव्हतं.

उपांत्यपूर्व फेरी सहकाऱ्यांवर सोपवून मी गेलो. समिती नाराज आहे, असो. सामना झाला. कसा झाला ते सांगतो, म्हणजे निकाल विचारणाऱ्यांची सोय होईल. चिखली तीन गुणांनी जिंकली. गर्दी मलकापूरच्या निम्मीही नव्हती, पण घरंच्या घरं आली होती आणि प्रत्येक घर आपापल्या पोराच्या नावाने ओरडत होतं. थकलेल्या कौसाबाई खुर्चीवर बसून आमच्या एका चढाईपटूला "हळू जाय, पोट भरेल हाये" असं सांगत होत्या. आमची मुलं हरली, पण गुलाबी फेटे बांधून फोटो काढत फिरत होती. रोडगे खाल्लेल्या संघाचा खेळ व्हावा तसाच खेळ झाला. अजिंक्यपदाशी त्याची तुलना होऊच शकत नाही, आणि माझं अजूनही म्हणणं आहे की स्पर्धा हवीच. नंबर एक कोण ते कळायलाच हवं. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात मी सुलतानपूरचा दिवस मात्र मोकळा ठेवला आहे. रोहिणखेडशीही बोलणार आहे. मुरलीला हे सांगितलं असतं तर त्याने "मंग? मी काय म्हनून राह्यलो होतो?" असं म्हणून माझं डोकं उठवलं असतं. ते म्हणायला तो नाही, याचा मला दिवसातून चारदा राग येतो.

पण मला सांगायचं आहे ते जेवणाआधीचं. दोन्ही संघ शाळेच्या अंगणात उतरले, गाव जमलं, आणि घरं वाटायची वेळ आली. हे काम दरवर्षी मुरली करायचा. वहिनींनी त्याची यादी माझ्या हातात दिली. वहीचं एक पान, त्याचं ते गिचमिड अक्षर. संघ कोणते येणार हे माहीत नसल्याने त्याने नावं लिहिलीच नव्हती. नुसतं 'पोरगा एक' आणि पुढे घर, 'पोरगा दोन' आणि पुढे घर. मी मोठ्याने वाचत गेलो. ज्याचं घर येईल तो माणूस पुढे व्हायचा, मी एकेका मुलाच्या पाठीवर हात ठेवून पुढे करायचो, आणि ते घर त्याला घेऊन जायचं. तेवीस झाले, चोवीस झाले. अंगण रिकामं होत आलं. पान घडी करायला गेलो तर खाली आणखी एक ओळ होती. मी वाचायच्या ओघात तीही मोठ्याने वाचायला लागलो... 'पंच दिगंबर, आपल्या घरी. तूप जास्त.'

माझा नकार घेऊन परत आल्यावर त्याने हे लिहिलं होतं. इतक्या लोकांसमोर मी रडलो, चांगला हुंदके देऊन रडलो. वहिनी डोक्यावरचा पदर सारखा करत जवळ आल्या. "चला भाऊजी, रोडगे थंडे होऊन राह्यले," एवढंच म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. मी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि त्यांच्यामागे जेवायला गेलो.